पहिल्या रडण्याचा खटला

‘बाळ जन्मल्याबरोबर रडलं होतं का?’

हा प्रश्न मी रोज विचारते. बेंगळुरूच्या पूर्वेला, मारतहळ्ळी आणि होसकोटेच्या मधे, एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं बालविकास केंद्र आहे. तिथं मी स्पीच थेरपिस्ट आहे. उशिरा बोलणारी, न बोलणारी, किंवा खूप बोलूनही आपल्याशी न बोलणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच मुलांना ऑटिझम असतो. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. स्वतःत मग्न असलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. ती मुलांच्या छोट्या खुर्चीत बसलेली नसतात, समोरच्या मोठ्या खुर्च्यांत असतात.

या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी म्हटलं, मी नुकतीच तिशी ओलांडली आहे, आठवणी कसल्या लिहू? ते म्हणाले, ‘मग भांडणं लिहा.’ हे बरं झालं. भांडणांचा साठा माझ्याकडे मोठा आहे.

मी निपाणीची. बाबा विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होते. बाजारच्या दिवशी बाबा स्टुलावर उभं राहून भाषण करत आणि मी गर्दीत शिरून पत्रकं वाटत असे. त्यांच्या प्रत्येक पत्रकात एक वाक्य हमखास असायचं : दोष कुणाचा ते आधी ओळखा. तेवढं एक वाक्य पाठ करून मी मोठी झाले, आणि नोकरी अशी मिळाली की तिथं रोज त्याच्या उलट सांगावं लागतं.

आमचं काम मुलापासून सुरू होत नाही, त्याच्या जन्माच्या आधीपासून सुरू होतं. गरोदरपणात साखर होती का, रक्तदाब होता का. दिवस पूर्ण भरले होते का. कळा किती वेळ चालल्या. चिमटा लावला की सिझर केलं. वजन किती होतं, कावीळ झाली का. आणि मग तो प्रश्न. जन्मताना बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर पुढे हालचालींचे, ऐकण्याचे, फिट्सचे त्रास निघू शकतात आणि ते वेळेवर तपासावे लागतात. म्हणून विचारायचं. प्रश्न वैद्यकीय आहे. पण आपल्या घरांतली माणसं तो तसा ऐकत नाहीत. मी ‘रडलं होतं का’ म्हणते आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम आईकडे वळतात. इतक्या एकसाथ, की कुणी कवायत शिकवली असावी.

मग आरोपपत्र वाचलं जातं. ग्रहणात भाजी चिरली. दिवस राहिले असताना स्कूटर चालवली. लॅपटॉप पोटावर ठेवून काम केलं. सिझर केलं, म्हणून. सिझर केलं नाही, म्हणूनही. बापाबद्दल कुणी काही विचारत नाही. बाप शरीरानं खोलीत असतो, पण मोबाइलमधून अजून बाहेर आलेला नसतो.

मारतहळ्ळीच्या एका बापानं लॅपटॉप उघडून मला स्लाइड्स दाखवल्या होत्या. शक्य असलेली सगळी कारणं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे टक्के. ‘मॅम, रूट कॉज सापडल्याशिवाय फिक्स कसा करणार?’ मी विचारलं, हे टक्के कुठून आणले? ‘अंदाजे टाकलेत.’ त्याची बायको शेजारी बसून स्वतःच्या नावापुढचा आकडा वाचत होती. मी लॅपटॉप मिटला. हलक्या हातानं मिटला, असं माझं म्हणणं आहे. त्याचं वेगळं होतं.

उलट चिकपेटेत साड्यांचं ठोक दुकान असलेले एक आजोबा नातीला घेऊन यायचे. त्यांचं घराणं काही पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इकडे आलेलं. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. ‘मेघाक्का, ताग्यात डाग निघाला की आम्ही गिरणीला फोन लावतो. इथं कुणाला लावायचा, हेळि.’ सांगा, म्हणायचं होतं त्यांना. मी म्हटलं, ‘आजोबा, हा डाग नाही. वीण वेगळी आहे.’ त्यांनी थोडा विचार केला. ‘सरी, बरं,’ म्हणाले, ‘मग गिरणीशी भांडण नको.’ आता ती नात दुकानाच्या गादीवर बसून काठांवरून बोटं फिरवत असते. ‘ही बोलत का नाही?’ असं एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं की आजोबा म्हणतात, ‘तुम्ही साडी बघा.’

सगळेच असे आजोबा नसतात. म्हणून मी अर्थातच पत्रक लिहिलं. मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत; पालक वाट बघत बसतात त्या बाकांसमोरच्या भिंतीवर लावायला. पहिलं वाक्य होतं : ‘बाळंतपणातल्या अडचणींचा आणि ऑटिझमचा काहीही संबंध नाही.’ आमच्या प्रमुख डॉक्टर धारवाडकडच्या आहेत. कमी बोलतात, मराठी चांगलं समजतं. त्यांनी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

‘हे खरं नाही, मेघा.’

‘पण डॉक्टर, त्या बायकांना घरात रोज…’

‘म्हणून आपण खोटं सांगायचं?’

मग त्यांनी जे समजावलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगते. फार लवकर जन्मलेली, फार कमी वजनाची, जन्मताना प्राणवायू कमी पडलेली मुलं घेतली, तर त्यांच्यात ऑटिझम थोडा जास्त आढळतो. एवढं दिसतं. पण अशा अडचणीतून आलेल्या बहुतेक मुलांना ऑटिझम होत नाही. आणि ज्यांना ऑटिझम आहे त्यांतली कितीतरी मुलं अगदी सुखरूप, वेळेवर, खणखणीत रडत आलेली असतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. शिवाय असंही असू शकतं की मूल पोटातच वेगळं घडत होतं आणि म्हणून त्याचं येणं अवघड झालं. म्हणजे आपण ज्याला कारण समजतो तोच परिणाम असेल. एखाद्या एका मुलाकडे बोट दाखवून ‘याचं यामुळे झालं’ असं सहसा कुणालाच सांगता येत नाही.

मी दोन दिवस फुरंगटून होते. रविवारी निपाणीला फोन केला तर बाबांनी डॉक्टरांचीच बाजू घेतली. ‘पत्रकात एक वाक्य खोटं असलं की मालक तेवढंच वाचतो,’ म्हणाले. मग मी नवं लिहिलं : ‘संबंध आढळतो. कारण ठरत नाही. गुन्हा तर नाहीच नाही.’ ते अजून भिंतीवर आहे. आमच्या रिसेप्शनवरच्या गिरिजाक्का त्याच्या कडेला चिकटपट्टी बदलत असतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, ‘स्वल्प लहान अक्षरात लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?’

आता ज्या भांडणासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडे येते.

इशान चार वर्षांचा होता. त्याची आई प्राजक्ता, वडील निखिल आणि निखिलची आई सुलभाकाकू, अशी तिघं त्याला घेऊन यायची. निखिल पुण्याचा, आयटीतला. सुलभाकाकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि नातवासाठी पुणं सोडून मारतहळ्ळीच्या पंधराव्या मजल्यावर येऊन राहिलेल्या. प्राजक्ता चिकोडीजवळच्या एका गावची. म्हणजे माझ्याच पट्ट्यातली. बेंगळुरूला इंजिनिअरिंग केलेलं, पण आईला अजून ‘अव्वा’ म्हणते. सुलभाकाकूंना ते खटकायचं. ‘आमच्याकडे आईला आई म्हणतात,’ हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मी काही विचारलेलं नसताना.

काकूंवर मी अन्याय करणार नाही. इशानला रोज संध्याकाळी बागेत नेणाऱ्या त्याच. झोपाळा सोडायची वेळ झाली की तो जमिनीवर आडवा पडून किंचाळायचा, बायका वळून बघायच्या, आणि काकू तिथंच शेजारी मातीत फतकल मारून तो शांत होईपर्यंत बसायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी नेसणारी बाई. मी डोळ्यांनी पाहिलंय ते. त्यांचं नातवावर प्रेम होतं, आणि त्या प्रेमाला एक आरोपी हवा होता.

आरोपी ठरलेला होता : प्राजक्ताची आई, शांताक्का. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्या रीतीप्रमाणे प्राजक्ता चिकोडीला गेली आणि तिथल्या लहानशा दवाखान्यात बाळंत झाली. काकूंचं म्हणणं असं, की बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, कितीतरी वेळ रडलं नाही, तिथल्या लोकांना काही सुचलं नाही, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि म्हणून इशान असा. ‘पुण्याला झालं असतं तर आज हा मराठी शाळेत कविता म्हणत असता.’ हे वाक्य त्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की प्राजक्ता ते ऐकताना मानही वर करत नसे. तेव्हापासून शांताक्कांना त्या घराचं दार बंद होतं. नातू दिसायचा तो फोनवर, तोही काकू बागेत गेल्या की.

आणि आता प्राजक्ताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सहावा सरत आला होता. तिला एकच हवं होतं : या वेळी अव्वा जवळ असावी. काकूंनी रीत पुढे केली. ‘पहिलं माहेरी, दुसरं सासरी. आणि त्या बाईंनी पहिल्याचं काय केलं ते समोर आहे. त्या या बाळंतपणाच्या जवळपास फिरकायच्या नाहीत.’

हे मला कळलं ते वेगळ्याच कारणानं. काकू त्या दिवशी माझ्याकडे एक चिठ्ठी मागायला आल्या. मारतहळ्ळीतच एका ठिकाणी मुलांना बंद नळकांड्यात बसवून दाबाखाली ऑक्सिजन देतात. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, जन्मताना प्राणवायू कमी पडला होता असं कुठल्यातरी केंद्राकडून लिहून आणा, म्हणजे आम्ही पूर्ण कोर्स लावू. थोड्या बैठका तर झाल्याही होत्या. तिथून आल्यावर इशान कानांवर तळवे दाबून भिंतीशी बसायचा. आमच्याकडे येणंही त्यामुळे बुडत होतं.

‘लिहून द्या मॅडम. दोन ओळी.’

‘नाही देणार, काकू.’

‘का? खरं तेच तर लिहायचंय.’

‘खरं आहे की नाही ते मला माहीत नाही. आणि खरं असलं तरी देणार नाही. चार वर्षांपूर्वी उपाशी राहिलेलं मूल आज दुप्पट जेवलं म्हणून तेव्हाची भूक भरते का? या ऑक्सिजननं ऑटिझम जातो असा कुठलाही पुरावा नाही. कानाला इजा मात्र होऊ शकते. त्याचे कान दुखतायत, तो सांगतोय तुम्हाला. तळव्यांनी सांगतोय.’

‘तुम्ही डॉक्टर आहात का?’

‘नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत, त्याही देणार नाहीत. विचारा.’

काकू उठल्या नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, ‘बाळ रडलं नव्हतं, एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?’

तेव्हा मी माझ्या कामातला साधा नियम काढला. जन्माची हकिगत जो तिथं होता त्यानं सांगायची. ‘तुम्ही होतात तिथं?’

‘मी पुण्यात होते.’

‘निखिल?’

निखिलनं मान हलवली. तो दुसऱ्या दिवशी पोचला होता.

‘प्राजक्ता?’

‘मला नीट आठवत नाही, ताई. मी गुंगीत होते. सगळे म्हणतात रडला नाही, तर…’

‘सगळे म्हणजे कोण?’

सगळे म्हणजे निखिलच्या आत्या निघाल्या. त्या कोल्हापूरहून बाळ बघायला गेल्या होत्या आणि वॉर्डातल्या बायकांकडून ऐकून आल्या होत्या की आजीनं व्हरांड्यात ताट वाजवलं. काकूंना तेवढं पुरलं होतं. ‘ताट कधी वाजवतात?’ त्यांनी मलाच विचारलं, वर्गात विचारावं तसं. ‘बाळ रडत नसेल तेव्हाच ना? त्याच्या कानाशी वाजवतात, दचकून रडावं म्हणून. आमच्या आजीच्या वेळेपासून ऐकत आलोय.’

मी प्राजक्ताला म्हटलं, ‘अव्वाला फोन लाव. इथंच. स्पीकरवर.’

काकू म्हणाल्या, ‘काही गरज नाही.’ प्राजक्तानं तोपर्यंत लावला होता.

शांताक्का डेअरीवर दूध घालायला आल्या होत्या. मागं कॅन आपटत होते. ‘कोण? प्राजू? ह्या टायमाला? इशू बरा हाय न्हवं?’

मी माझी ओळख सांगितली. निपाणीची आहे म्हटल्यावर त्या एकदम मोकळ्या झाल्या. ‘मग आपलीच की तू! बोल पोरी.’

‘शांताक्का, इशान जन्मला तेव्हा रडला होता का?’

‘रडला की! असा रडला, वॉर्डातली समदी पोरं जागी केली त्यानं.’

सुलभाकाकू पुढे झुकल्या. ‘मग ताट कशाला वाजवलंत?’

शांताक्कांनी विहिणीचा आवाज चार वर्षांनी ऐकला होता. मग त्या जपून बोलल्या, आमच्या पट्ट्यातल्या बायका ‘करतो, आलो’ म्हणतात तशा, ‘नमस्कार करतो ताई. ताट व्हय, आमच्यात वाजवतात. लेकरू आलं की वाजवायचं. प्राजूच्या टायमाला वाजवलो, तिच्या भावाच्या टायमाला वाजवलो. रडूदे न्हाईतर हसूदे. आलास ते बरं केलास, असं सांगायचं लेकराला. नर्सबाई वरडली माझ्यावर, दवाखाना हाय का देऊळ म्हणून. म्हटलो, दोनदा वाजवतो आणि ठेवतो.’

एका घरात ताट संकटाचं आणि दुसऱ्या घरात स्वागताचं. त्या दोन घरांच्या मधल्या गैरसमजावर चार वर्षं एका बाईला शिक्षा झाली होती. निखिल पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून आईकडे बघत होता.

इथं गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण शांताक्का सरळ बाई. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

‘पण खरं सांगतो बाई,’ त्या म्हणाल्या, आवाज खाली गेला होता. ‘माझं बी चुकलंय. कळा सकाळीच लागल्या होत्या. मी म्हटलो, पहिलटकरणीचं असंच असतंय, थांब जरा. दुपारी निघालो. आणि रडला खरा, पर मग धाप लागली त्याला, काचंच्या पेटीत ठेवलं होतं. सकाळीच निघालो असतो तर… रोज येतंय मनात. दूध काढताना येतंय, भाकरी करताना येतंय. देवाला बी सांगितलोय, माझी चूक हाय म्हणून.’

‘ऐकलंत?’ काकू ताठ बसल्या. ‘स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!’

त्या क्षणी मी जे बोलले ते थेरपिस्टच्या आवाजात नव्हतं, हे मला मान्य आहे. बाजारातल्या स्टुलावरून बोलायचा आवाज होता तो.

‘काय कबूल केलं? कोर्ट आहे हे? कळा लागल्यावर थोडं थांबायला जगातली प्रत्येक आई लेकीला सांगते. डॉक्टरसुद्धा सांगतात. ताट होतं तोवर ताटावरून दोषी. ताट निसटलं की धाप सापडली. उद्या धापही निसटली तर तिच्या घराण्यात कोण उशिरा बोललं ते शोधाल. आरोपी पक्का आहे आणि गुन्हा रोज नवा, असं चाललंय इथं! समजा काकू, तो रडला नसता. समजा सगळंच उशिरा झालं असतं. तरी इशान असा कशामुळे, हे मी सांगू शकले नसते, डॉक्टर सांगू शकल्या नसत्या, कुणीच नाही. आणि शांताक्का, तुम्हीसुद्धा ऐका. तुम्ही देवाला चुकीचं सांगितलंय.’

फोनमधून हुंदका आला की कॅन सरकल्याचा आवाज होता, कळलं नाही.

सुलभाकाकूंचा चेहरा मला अजून आठवतो. रागाचा नव्हता. वर्गात सगळी उत्तरं येणाऱ्या बाईला पहिल्यांदाच प्रश्नच कळला नाही, असा होता. त्यांनी हळू विचारलं, ‘कुणीतरी चुकल्याशिवाय असं होतं का हो?’

‘होतं, काकू.’

‘मग आम्ही करायचं काय?’

‘त्याच्याशी बोलायला शिकायचं. त्यासाठीच मी इथं बसते.’

माझं भाषण संपलं होतं. पण प्रश्न माझ्या भाषणानं सुटणारा नव्हता. तो प्राजक्ताचा होता. ती इतका वेळ फोन तळहातावर धरून बसली होती, पूजेचं ताम्हन धरावं तसा. आता तिनं तो तोंडाजवळ नेला.

‘अव्वा, ऐकतीस? तू ये इकडं. सातवा लागला की ये. माझं होईपर्यंत राहायचं.’

‘माझ्या घरात?’ काकू म्हणाल्या.

‘आमच्या घरात, आई.’ प्राजक्ताचा आवाज चढला नाही. ‘तुम्हीही राहा, तीही राहील. दोघी हव्या आहात मला. एकीचंच चालणार असेल तर मी चिकोडीला जाते आणि दुसरंही माहेरीच करते. त्याच दवाखान्यात.’

काकूंनी मुलाकडे पाहिलं. निखिल उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. शेवटी फोनकडे वाकून म्हणाला, ‘अव्वा, गाडी कुठली ते कळवा. मी घ्यायला येतो.’ आई म्हणत आलेला जावई पहिल्यांदा अव्वा म्हणाला, हे बहुतेक त्याच्याही लक्षात आलं नाही.

काकू उठून बाहेर गेल्या. त्यांनी दोन दिवसांनी आमच्या केंद्राबद्दल इंटरनेटवर लिहिलं : ‘मुलांना बरं शिकवतात. एक मॅडम फार उद्धट आहेत.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गिरिजाक्कांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. डॉक्टरांनी बोलावून घेतलं.

‘मेघा, तू थेरपिस्ट आहेस, युनियन लीडर नाहीस.’

‘दोन्ही आहे, डॉक्टर.’

‘दार बंद करून ओरडत जा मग.’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः सुलभाकाकूंशी बराच वेळ बोलून ऑक्सिजनचं प्रकरण बंद करवलं. आवाज न चढवता. ती कला मला अजून आलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी शिकण्याची घाईही केलेली नाही.

अर्थात प्रत्येक वेळी भांडण जिंकता येत नाही. होसकोटेच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाची बायको माझ्याकडे यायची. तिच्या सासूनं माझ्यासमोर तिला ‘हिच्या पोटातच विष’ असं म्हटलं. मी बोलायचं ते बोलले. त्यानंतर ती आणि तिचा मुलगा पुन्हा आले नाहीत, फोनही बंद. कमी बोलले असते तर मूल शिकत राहिलं असतं का, हा प्रश्न मला पडतो. गप्प बसले असते तर ती बाई काय घेऊन घरी गेली असती, हाही पडतो. पण माझ्या खोलीत आईवर खटला चालणार नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी बदलणार नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असा खटला चालू असेल, तर तो काढून टाका. न्यायाधीश व्हायची हौस असेल तर मुलाबरोबर जमिनीवर बसा. तिथून आपली उंची कळते.

शांताक्का आल्या. सातवा लागायच्या आधीच आल्या. पंधराव्या मजल्यावर दोन विहिणींचं कसं चाललं होतं त्याचे अहवाल प्राजक्ता मला देत असे : भाकरी कुणाची फुगते, आमटीत गूळ घालायचा की नाही, ‘मी आलो’ असं बाईनं म्हणावं का. तह झाला नव्हता, पण युद्धही स्वयंपाकघरापुरतं उरलं होतं.

मग एक दिवस काकू आणि शांताक्का दोघीच इशानला घेऊन केंद्रात आल्या. आदल्या दिवशी शांताक्कांनी मला फोनवर विचारलं होतं, ‘पोरगं माझ्याकडं बघतच न्हाई गं. वळखत नसंल का?’ मी त्यांना सांगितलं होतं, हाक मारू नका, ओढू नका, नुसतं त्याच्या शेजारी बसा. आल्या तशा त्या चटईवर बसल्या, पदर खोचून, त्याच्यापासून हातभर अंतरावर. इशान खेळण्यातल्या गाडीची चाकं फिरवत होता. त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो चाकं फिरवत राहिला आणि त्या बसून राहिल्या. काकू खुर्चीवर बसून दोघांकडे बघत होत्या.

मग त्याला मण्यांचा डबा हवा झाला. झाकण घट्ट होतं. अशा वेळी ही मुलं अनेकदा मागत नाहीत, बोटही दाखवत नाहीत. जवळच्या माणसाचं मनगट धरतात आणि तो हात झाकणावर नेऊन ठेवतात, सांडशी वापरावी तसा. आमच्या शास्त्रात हे लक्षणांमध्ये मोजतात. इशाननं वर न बघता हात लांब केला, शांताक्कांचं मनगट धरलं आणि डब्यावर ठेवलं.

शांताक्कांनी झाकण उघडलं नाही. त्या नुसत्या आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या.

‘तो सगळ्यांचाच धरतो तसा हात,’ काकू म्हणाल्या. दुष्टपणानं नाही, माहिती म्हणून. ‘डबा उघडायला.’

‘असूदे की ताई,’ शांताक्का म्हणाल्या. ‘आज माझा धरलाय.’